सहपत्र क्रमांक एक : हंडा

कर भरणे हा नागरिकाच्या आयुष्यातला सर्वांत निर्मळ आनंद आहे, हे वाक्य मी गेली चौदा वर्षे नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना उतरवून देत आलो आहे. वाक्य माझे स्वतःचे आहे. पुस्तकात ते सापडायचे नाही. स्वतः मी मात्र हा आनंद कधी घेतलेला नाही. माझा पगार आयकराच्या उंबरठ्याला शिवत नाही, शेतसारा भरावा तर शेत नाही, आणि घरपट्टी आमच्या घरमालकीण अंबाबाई भरतात. थोडक्यात, पोहण्याचे धडे मी काठावर उभा राहून देत होतो.

आमचे गाव खालापूर तालुक्यात, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही. पुढे जे घडले त्यात गावाचा दोष इतकाच की ते तिथे होते.

एकोणसत्तर सालच्या मार्च महिन्यात मी नववी ब च्या वर्गात हे वाक्य दुसऱ्यांदा उतरवून देत असताना धोंडी उभा राहिला. धोंडी मागच्या बाकावर बसतो आणि शाळा सुटली की एस.टी.च्या थांब्यावर हंगामाप्रमाणे बोरं, करवंदं, जांभळं विकतो. गणितात तो नापास होतो, पण सुट्या पैशांत त्याला आजवर कुणी फसवलेले नाही.

"गुरुजी, कर कमावणाऱ्यानं भरायचा, का मोठ्या माणसानं?"

"कमावणाऱ्याने. वयाचा संबंध नाही," मी म्हणालो. हे मी कुठे वाचले होते ते मला आजतागायत आठवलेले नाही.

"मंग तुमची हिरू भरते का?"

वर्गात असा सन्नाटा मी चौदा वर्षांत मिळवू शकलो नव्हतो. हिरू म्हणजे माझी मुलगी. वय सोळा. तिचे अक्षर इतके देखणे, की ते माझ्याकडून आले असावे असे कुणी म्हणत नाही. कर्जतच्या बाजारात कोंडीरामशेटचे भांड्यांचे दुकान आहे. लग्नसराईत लोक तिथून हंडे, घागरी, पराती घेतात आणि कुणी कुणाला दिले ते भांड्यावर छिन्नीने कोरून घेतात. नाव न घातलेले भांडे दिले काय नि न दिले काय, सारखेच. गेल्या दिवाळीपासून हे कोरायचे काम हिरू दर रविवारी करत होती. अक्षराला पाच पैसे. त्यातले तीन हिरूचे, दोन शेटचे. काना-मात्रा फुकट. जोडाक्षराला दीडपट.

"भरते का?" धोंडीने पुन्हा विचारले.

"भरेल," मी म्हणालो.

या एका शब्दाचे पुढे जे झाले ते सांगतो.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. हिरू भाकरी मोडता मोडता थांबली.

"बाबा, किती असतो कर?"

"प्रश्न रकमेचा नाही, हिरू. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व तुम्ही भरा. रक्कम माझ्याकडे राहू द्या."

"तुमच्या वर्गातल्या पोरांनी विहिरीत उडी मारा म्हटलं, तर पोहरा घेऊन जाल का?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. हिच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे नसते, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच समजले आहे.

हिरूच्या रकमेबद्दल सांगायला हवे. दवाखान्यातल्या गंगाबाई नर्सची एप्रिलअखेर बदली व्हायची होती आणि त्यांना आपली सायकल विकायची होती. लेडीज सायकल, पुढे टोपली, घंटी शाबूत. किंमत नव्वद रुपये. तीस एप्रिलपर्यंत मी दुसऱ्या कुणाला देत नाही, असे त्यांनी हिरूला सांगितले होते. हिरू सगळा हिशेब अक्षरांत करते. सायकल म्हणजे तीन हजार अक्षरं. कर्जतला जाऊन यायचे एस.टी.चे भाडे म्हणजे दर रविवारी चाळीस अक्षरं पाण्यात. बिस्किटांच्या डब्यात अडुसष्ट रुपये जमले होते. उरली होती सातशे तेहेतीस अक्षरं. एवढ्या अक्षरांत माणूस निबंध लिहितो. हिरू सायकल लिहीत होती.

"कर तुझ्याच कमाईतून भरायचा," मी सांगितले. "मी भरला तर त्यात आनंद नाही."

"मला तसाही नाही," हिरू म्हणाली.

शेजारी सहदेवराव राहतात. निवृत्त तलाठी. सल्ला मागितला तर देतात, न मागितला तर लवकर देतात. मी अंगणात चपला घालतो आहे एवढ्यावरून त्यांनी ओळखले, की मी कचेरीत निघालो आहे.

"तोंडी बोलू नका, मास्तर. तोंडी बोललेलं कचेरीला ऐकू येत नाही. अर्ज द्या. तीन प्रती. आणि सोबत काहीतरी जोडा. नुसता अर्ज म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

"काय जोडू?"

"व्यवसाय कोणता? नावं घालण्याचा. मग नमुना जोडा. काम बघितल्याशिवाय कर कसा ठरवणार? बैल बघितल्याशिवाय किंमत करतो का आपण?"

हे मला पटले. सहदेवरावांचे बोलणे मला नेहमी पटते आणि नेहमी दोन दिवसांनी त्याचा पश्चात्ताप होतो. पण ते दोन दिवस बरे जातात.

आता नमुना. हिरू कधी कधी शेटकडची भांडी घरी आणून कोरत असे. त्या दिवशी घरात दोन वस्तू होत्या. एक वाटी आणि एक तांब्याचा हंडा. माझ्या जागी कुणी शहाण्याने वाटी नेली असती. पण एका नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने शासनापुढे वाटी घेऊन उभे राहावे हे मला बरे दिसेना. शिवाय हंड्यावरचे काम खरोखर सुरेख होते : 'चि. जना हिस मामा लडकू गायकवाड, पोशीर, यांजकडून सप्रेम. जयभीम.'

"बाबा, तो हंडा लडकूमामांचा आहे," हिरू म्हणाली. "पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"संध्याकाळी परत येईल," मी म्हणालो.

आमचे ग्रामसेवक तरुण आहेत. नोकरीला दोन वर्षे झालेली; त्यातले दीड वर्ष लोकांना 'भरा' म्हणण्यात गेलेले. एक माणूस धोतरात हंडा गुंडाळून आत आला आणि 'कर भरायचा आहे' म्हणाला, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"मास्तर, खरं सांगा. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. कर्तव्य म्हणून आलो."

"माझ्याविरुद्ध अर्ज गेलाय का वर?"

त्यांची समजूत पटवण्यात अर्धा तास गेला. मग त्यांनी एक पिवळी वही काढली आणि बोट फिरवत वाचले : सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, दुकानदार, वकील. नावे घालणारी मुलगी त्यात नव्हती. ग्रामसेवकांचा चेहरा उजळला.

"मुलगी कमावते कुठे? कर्जतला. मग कर्जतचं प्रकरण आहे ते. आमच्याकडे कसं येईल?"

मी हंडा उचलला आणि कर्जतची एस.टी. धरली. गर्दीत हंडा मांडीवर घेऊन बसण्यात एक गैरसोय अशी, की तुमची हनुवटी आपोआप त्याच्या काठावर टेकते आणि तुम्ही काही फार मोठे गमावल्यासारखे दिसता.

"मास्तर, गावात पानी संपलं का काय?" मागून कुणीतरी विचारले.

"अस्थी हायत का?" दुसऱ्याने हळू आवाजात विचारले आणि टोपी काढली.

"ह्याचं तिकीट पडल," कंडक्टर म्हणाला. "अर्धं."

"हा शासकीय कामाचा नमुना आहे."

"नमुना तर दिसतोयच. पर तिकीट पडल."

कर्जतला एका कचेरीतल्या गृहस्थांनी मला बसायला खुर्ची दिली आणि माझे सगळे ऐकून घेतले. एवढ्या आपुलकीने माझे घरात कुणी ऐकत नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मुलगी भांडी घरी आणून नावं घालते का कधी?"

"कधी कधी."

"मग धंदा घरी चालतो. घर तुमच्या गावात. तिकडे जा."

परत हनुवटी काठावर, परत अर्धे तिकीट. दोन्ही अर्धी मिळून हंड्याने त्या दिवशी एका पूर्ण माणसाचा प्रवास केला.

ग्रामसेवकांनी मला पाहून कपाळाला हात लावला. पण मी अर्जाच्या तिन्ही प्रती टेबलावर ठेवल्या आणि आता त्यांना इलाज उरला नाही. अर्ज टेबलावर आला की त्याला आवक क्रमांक पडतो. क्रमांक पडला की तो अमर होतो. अर्जाला क्रमांक पडला दोनशे चौदा. 'सोबत : हंडा एक' असे मी लिहिले असल्यामुळे हंडा झाला सहपत्र क्रमांक एक, आणि त्यावरही तोच क्रमांक घालणे आले. शिपाई नागूने चिठ्ठीला खळ लावून ती हंड्याला चिकटवली. हिने हंडा चिंचेने लखलखीत घासला होता. चिठ्ठी घसरून खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा नागूने ती धरून ठेवली. पण नागूला काही हंड्यासोबत दप्तरी ठेवता येत नव्हते.

"क्रमांकाशिवाय सहपत्र म्हणजे माझ्या गळ्याला फास," ग्रामसेवक म्हणाले. मग त्यांना सुचले. "तुमची मुलगीच नावं घालते ना? तिला बोलवा. क्रमांक कोरून घेऊ. आणि प्रत्यक्ष पाहणीही होऊन जाईल."

मी हो म्हणालो. या प्रकरणात मी जेवढ्या चुका केल्या त्यांत ही सर्वांत मोठी.

हिरू छिन्नी-हातोडी घेऊन आली. "बाबा, हंडा लोकांचा आहे," ती म्हणाली. "पुसता येत नाही हे."

"सरकारी काम आहे," मी म्हणालो. हे दोन शब्द उच्चारले की माणसाचा आवाज आपोआप जाड होतो.

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मांडी घालून बसली. टक, टक, टक. 'जयभीम'च्या खाली, अगदी सरळ रेषेत, तिने कोरले : 'ग्रा.पं. आ.क्र. २१४'. मग ती उठली आणि ग्रामसेवकांपुढे हात केला.

"चाळीस पैसे."

"कसले?"

"अक्षराला पाच, आकड्यालाही पाच. 'ग्रा' आणि 'क्र' जोडाक्षरं, त्यांचे साडेसात साडेसात."

ग्रामसेवकांनी बोटांवर हिशेब केला. बरोबर होता. किरकोळ खर्चातून चाळीस पैसे निघाले, हिरूने व्हौचरवर सही केली. मी सकाळी सरकारला कर द्यायला निघालो होतो आणि संध्याकाळी सरकारकडून पैसे घेऊन घरी आलो. नागूने हंडा कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली.

"हंडा?" मी विचारले.

"सहपत्र अर्जाबरोबर राहतं," ग्रामसेवक म्हणाले. "अर्ज मार्गदर्शनासाठी वर पाठवतो. निकाल झाला की मिळेल."

आमच्या गावापासून वरची कचेरी चार मैल आहे. अर्जाला तिथे पोचायला आणि प्रश्न घेऊन परत यायला सोळा दिवस लागले. जाऊन येऊन आठ मैल, म्हणजे दिवसाला अर्धा मैल. मुंगीही वाटेत साखर दिसली नाही तर याहून लवकर पोचते. प्रश्न असा होता : 'सदर गावात अशा प्रकारे कमावणारी अल्पवयीन मुले एकूण किती? यादी सादर करावी.'

मग यादी झाली. ग्रामसेवक आणि नागू दारोदार फिरले. बोरंवाला धोंडी एक. लग्नात पंगती वाढणारी मुले अकरा. बँडमध्ये खुळखुळे वाजवणारी दोन. भाताची रोपं लावायला रोजाने जाणाऱ्या मुली नऊ. दुसऱ्याची शेळी चारणारा एक. तो सहा वर्षांचा होता आणि त्याला मोबदल्यात शेळीचेच दूध मिळत असे, म्हणून त्याच्या नावापुढे 'वस्तुरूपाने' असे लिहिले. अशी एकेक भर पडत यादी त्रेचाळीस नावांची झाली आणि प्रत्येक नावामागे दोन आईबाप होते, ते मला रस्त्यात भेटू लागले.

"काय मास्तर, शाळेची फी कमी पडली व्हय?" एकाने विचारले.

न्हाव्याने माझी अर्धी दाढी करून सांगितले की आता जरा वेळ लागेल, आणि तो जेवायला गेला. दुधात पाणी वाढले. पूर्वीही असायचे, पण त्यात एक मर्यादा होती. अंबाबाईंनी तर दारातूनच आवाज दिला.

"मास्तर, घर तुमाला ऱ्हायला दिलंय, कारखान्याला नाय! ग्रामशेवक इचारत होता, हितं हत्यारं चालत्यात का म्हनून. माजी घरपट्टी वाढली तर पाच रुपयं भाडं वाढवीन, सांगून ठेवते!"

"अंबाबाई, एक छिन्नी आहे हो."

"एका छिन्नीनं लेणी खोदली लोकांनी!"

सहदेवराव कुंपणावरून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, अर्ज देऊ नका." ते असे म्हणाले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की मलाच माझा संशय आला. खुद्द धोंडी संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. त्याने ओंजळभर बोरं ओट्यावर ठेवली. "गुरुजी, मी उगंच इचारलं. सोडून द्या की."

तरीही मी सोडले नाही. 'भरेल' म्हणालो होतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, लडकू गायकवाड आला. राहणारा पोशीरचा, रेल्वेत गँगमन, कामाला घाटात ठाकुरवाडीला. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, आणि चेहरा भाचीच्या लग्नाला तीन दिवस उरलेल्या मामाचा.

"जयभीम मास्तर. हंडा न्यायला आलोय. शेट म्हनला, तुमच्या घरी हाय."

मी त्याला बस म्हणालो. चहा सांगितला. हवापाण्याचे बोललो. घाटातल्या बोगद्यांची चौकशी केली. चहा संपल्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा सांगितले की हंडा सहपत्र झाला आहे.

"म्हंजी? जप्ती आली?"

"जप्ती नव्हे. जोडलाय. अर्जाला."

"हंडा? कागदाला?" लडकूने कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, आयतवारी लगीन हाय. माजी बहीन रांडावली तवा जना दोन वर्षांची. मीच वाडवली. सगळं गाव बघनार, मामानं काय दिलं. पोरीच्या पाठीमागं सासरी माजं नाव जानार ते त्या हंड्यावर. मी काय सांगू लोकांना? हंडा हापिसात हाय?"

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या प्रसंगाचा धडा नव्हता.

तेवढ्यात आतून पत्र्याच्या झाकणाचा आवाज आला. हिरू बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिने तो लडकूपुढे ठेवला.

"मामा, शेटकडे तसाच हंडा आहे. सहासष्ट रुपये. उद्या आणते. परवा रात्री बसून नाव घालते. चूक आमची आहे."

सहासष्ट रुपये म्हणजे बावीसशे अक्षरं. तिने तो आकडा उच्चारला नाही, म्हणून तो मला जास्त ऐकू आला. मी खिशात हात घातला. महिन्याच्या दहा तारखेला माझ्या खिशात हातच मावतो.

लडकूने डबा परत तिच्याकडे सरकवला. "पोरीचं पैसं मी न्हाई घेनार. हंडा माजा हाय, त्यो आना."

ही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने प्रश्न विचारला नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी आणि लडकू ग्रामपंचायतीत गेलो. मी म्हणालो, अर्ज मागे घेतो. ग्रामसेवकांनी माझे दोन्ही हात धरले. त्या त्रेचाळीस नावांच्या यादीपायी त्यांनाही गावात चहा मिळेनासा झाला होता. त्यांनी कागद पुढे केला आणि मजकूर सांगू लागले : "लिहा. माझी मुलगी कोणताही व्यवसाय करीत नाही..."

"हे खोटे आहे," मी म्हणालो.

"बरं. अर्जदाराची दिशाभूल झाली..."

"कुणी केली?"

सहदेवरावांचे नाव कागदावर आले असते तर शेजार गेला असता. शेवटी आम्ही दोघांनी मिळून जे वाक्य केले ते असे : 'सदर अर्ज का केला हे अर्जदारास आता आठवत नाही, सबब तो मागे घेण्यात यावा.' बी.ए.ला मराठी विषय घेऊन मी हे लिहिले आणि खाली सही केली. त्यालाही आवक क्रमांक पडला.

"आता हंडा," लडकू म्हणाला.

"किल्ली नागूकडे आहे," ग्रामसेवक म्हणाले. "आणि नागू कालपासून ठाकुरवाडीला सासऱ्याकडे गेलाय."

"त्यो व्हय? सकाळी दिसला मला. सासऱ्याच्या हितं जत्रा हाय, कोंबडं हाय. सोमवारबिगर त्यो उठत नाय."

ग्रामसेवकांनी कुलूप ओढून पाहिले. कुलूप फोडायचे तर पंचनामा हवा, पंचनाम्याला पंच हवेत, आणि त्या दिवशी गावात माझ्यासाठी पंच व्हायला कुणी तयार झाले नसते. मी बाकावर बसलो. लडकू मात्र कपाटाभोवती रुळाची पाहणी करावी तसा फिरला. बाजूने वाकून भिंतीच्या फटीत पाहिले. तिथे बोट घातले.

"सायेब," तो म्हणाला, "कपाटाला पाठ कुठंय?"

कपाटाला पाठ नव्हती. पुढे दोन कड्या, एक भलेमोठे कुलूप, आणि मागे भिंत. गावाचे सारे दप्तर इतकी वर्षे भिंतीच्या भरवशावर होते.

ग्रामसेवक खिडकीकडे वळले आणि बाहेरच्या वडाकडे एकटक पाहू लागले. "मी काही पाहत नाही," ते म्हणाले. करावरचे वाक्य उतरवून देताना मीही असाच खिडकीबाहेर पाहतो. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल बंधुभाव वाटला. लडकूने कपाट एका खांद्याने भिंतीपासून सरकवले, आत हात घातला आणि हंडा बाहेर काढला. तो उजेडात धरला आणि वाचता वाचता थांबला.

"ह्ये खाली काय?"

आता कबुली देणे भाग होते. "ग्रामपंचायतीचा आवक क्रमांक. दोनशे चौदा. पुसता येत नाही. चूक माझी, लडकू. हिरू नको म्हणत होती."

लडकूने हंडा पंच्यात बांधला आणि तो म्हणाला, "उद्या येवा लग्नाला. पोरीलाबी आना."

नाही म्हणायचे तोंड नव्हते, जायचेही नव्हते. गेलो. पोशीरला मांडवात लग्न बौद्ध पद्धतीने लागले. त्रिसरण, पंचशील, हार, आणि अर्ध्या तासात सगळे मोकळे. मग बायका आहेराच्या भांड्यांभोवती जमल्या. मधोमध तो हंडा होता. मी एका खांबाच्या मागे उभा राहिलो. खांब बारीक होता.

"भावजी, ह्ये ग्रा.पं. काय वो?" एका बाईने विचारले.

लडकूने पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"सरकारात नोंद हाय त्या हंड्याची," तो म्हणाला. "दोनशे चौदा. उद्या चोरीला गेला, तर नंबरावरनं सापडल. इंजनाला नंबर असतो, डब्याला असतो. हंड्याला का नसावा? सादं भांडं कुनीबी देतं. मास्तरनी खटपट केली म्हनून झालं. महिना लागला त्यास्नी."

सगळा मांडव माझ्याकडे वळून पाहू लागला. खांब मुळीच उपयोगी पडला नाही. एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, माज्याबी परातीला मिळल का वो नंबर?"

सरकारचा नंबर मिळणे शक्य नव्हते, पण कोंडीरामशेट हा माणूस हुशार. आठ दिवसांत त्याच्या दुकानावर पाटी लागली : 'भांड्यास नंबर घालून मिळेल. दुकानी नोंद राहील.' पोशीरपासून नेरळपर्यंत त्या सराईत नंबराशिवाय हंडा कुणी घेईना. आकड्याला पाच पैसे, त्यातले तीन हिरूचे. ती रोज दुपारी कर्जतला जाऊ लागली. एकोणतीस एप्रिलला तिने गंगाबाई नर्सच्या हातावर नव्वद रुपये मोजले आणि सायकल घंटी वाजवत गावातून आणली. शेवटचे अक्षर कुणाच्या तरी घागरीवरचा नऊ होता, असे ती सांगते.

शाळा जूनमध्ये उघडली. नववी ब आता दहावी ब झाली होती. धोंडी तोच बाक धरून होता.

"गुरुजी, हिरूनं कर भरला का?"

"दुसरा धडा काढा," मी म्हणालो. "पंचायत राज्य."

जुलैत वरच्या कचेरीतून उत्तर आले. अर्ज मागे घेतल्याचे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. ग्रामसेवकांनी मला बोलावून ते वाचून दाखवले. सदर ग्रामपंचायतीने व्यवसायांवर कर बसवण्याचा ठराव आजतागायत केलेला नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. खाली आणखी एक ओळ होती. सायकलींवरील कराचा ठराव मात्र झालेला असून त्याची वसुली समाधानकारक नाही. प्रत्येक सायकलीस पत्र्याचा बिल्ला असल्याची खात्री करावी.

बिल्ल्याला वर्षाचे दोन रुपये पडतात. शनिवारी सकाळच्या शाळेला मी हिरूची सायकल नेतो. आम्ही बिल्ला काढलेला नाही.